पॉइंटांचा समुद्र

पर्यटनव्यवसायातील 'पॉइंट' ही संज्ञा भूमितीतील बिंदूहून निराळ्या अर्थाने वापरली जात असली, तरी एका बाबतीत दोहोंचे एकमत आहे: बिंदूला लांबी, रुंदी आणि जाडी नसते, आणि पर्यटनातील पॉइंटलाही ती असण्याची सक्ती नसते. महाबळेश्वरच्या कड्यांवर इंग्रजी अमदानीत एल्फिन्स्टन, लॉडविक अशा नावांचे जे पॉइंट रोवले गेले, त्यांच्यापुढे दरी आणि पाठीमागे भाजलेल्या कणसांची गाडी असल्यामुळे ते निदान आपली जागा सोडून जात नाहीत, व धुक्यात दरी दिसली नाही तरी कणीस दिसतेच. हीच कल्पना जमिनीवरून उचलून समुद्रात नेली, की मात्र अडचणींना आरंभ होतो. कारण समुद्रात जे पाहण्यासारखे असते ते बहुधा पोहत असते, उडत असते, किंवा दिवसातून दोन वेळा पाण्याखाली जात असते, आणि पर्यटकाने पैसे मोजलेले असतात ते मोजता येण्याजोग्या संख्येचे. मार्गदर्शकासह होडीतून एका दिवसात अनेक बेटे पाहण्याचा जो प्रकार अलीकडे सर्व उष्ण किनाऱ्यांवर रूढ झाला आहे, तो या दोन गोष्टींमधील न मिटणाऱ्या हिशेबाचा प्रकार होय.

या हिशेबाचे निरीक्षण करावयाचे, तर समुद्रापासून शक्य तितक्या दूर राहणारा पर्यटक निवडणे शास्त्रीयदृष्ट्या सोयीचे ठरते, आणि त्या दृष्टीने लखनौच्या रायबरेली मार्गावरील वृंदावन योजना ही वसाहत जवळजवळ निर्दोष म्हणावी लागेल. 'योजना' म्हणजे येथे उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेने आखलेली गृहवसाहत. तिचे सेक्टर पाडलेले असून सेक्टरांना क्रमांक, काही क्रमांकांना पुन्हा अक्षरे आणि त्यापुढे घरांचे क्रमांक अशी उतरंड असल्यामुळे तेथील पत्ता उच्चारताना माणूस बीजगणित सोडवीत असल्याचा भास होतो. समुद्राशी या भागाचा नित्याचा संबंध म्हणजे रेल्वे स्थानकावरील पिवळा फलक, ज्यावर त्या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, आणि जी वाचून आजवर कोणत्याही प्रवाशाच्या वागण्यात काही फरक पडल्याचे दिसत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये संरक्षणसामग्रीचे मोठे राष्ट्रीय प्रदर्शन याच वृंदावन योजनेत भरले होते आणि त्या निमित्ताने नौदल लखनौपर्यंत आले होते. परंतु नौदल येते तेव्हा समुद्र बरोबर आणीत नाही, हा धडा वसाहतीने त्याच वेळी घेतला.

लखनौमधील मराठी कुटुंबे ही काही नवलाची बाब नाही. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने 1926 साली या शहरात संगीत महाविद्यालय निघाले आणि श्रीकृष्ण रातंजनकरांनी पुढे ते दीर्घकाळ सांभाळले, तेव्हापासून मराठी माणसाने लखनौत येऊन लखनौकरांना काही शिकवावे ही गोष्ट तेथे अशिष्ट समजली जात नाही. आजची कुटुंबे रुग्णालये, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांच्या निमित्ताने आलेली असतात. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते, त्यांच्या मुलांचे मराठी क्रियापदापर्यंत पोहोचून मग हिंदीकडे वळते, आणि दर दोन-तीन वर्षांनी या कुटुंबांत 'मुलांना कोकण दाखवायला हवे' असा ठराव संमत होतो. ठरावास शेजारचे एखादे लखनवी कुटुंब अनुमोदन देते व स्वतःची तिकिटेही काढते. अशा संयुक्त मंडळाचे गोव्याच्या मोपा विमानतळामार्गे सिंधुदुर्ग जिल्ह्यात आगमन होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवबागच्या किनाऱ्यावर एका रंगीत फलकापुढे उभे राहिलेले आढळते.

देवबागची रचना येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व वाद तिच्यातून उद्भवतात. कर्ली नदी पश्चिमेकडे समुद्राला भेटायला निघते, पण अगदी जवळ आल्यावर तिचे मन बदलल्याप्रमाणे ती काही अंतर किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वाहते. त्यामुळे एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला अरबी समुद्र अशी जमिनीची एक चिंचोळी पट्टी शिल्लक राहते, तिच्यावर माडांच्या सावलीत देवबाग हे गाव वसले आहे. पट्टी संपते तेथे नदी व समुद्र यांचा संगम होतो, पलीकडच्या तीरावर भोगवे आणि त्याच्या दक्षिणेस निवतीचा किल्ला व त्याखालचे खडक येतात. नदी आणलेली वाळू संगमापाशी टाकते, लाटा ती परत लोटतात, आणि या घासाघिशीतून मुखापाशी वाळूचे दांडे, म्हणजे पाण्यातून जेमतेम डोके वर काढणारे उंचवटे, तयार होतात. त्यांपैकी एकाला 'सुनामी आयलंड' म्हणतात. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर हे बेट वर आले, असे तेथे सांगितले जाते. नद्यांच्या मुखांशी असे दांडे त्सुनामीवाचूनही होत असतात हे खरे असले, तरी 'नदीने आणलेल्या गाळाचे बेट' या नावाने कोणी होडीचे भाडे दिले असते असे वाटत नाही.

फलकावर डॉल्फिन पॉइंट, सीगल आयलंड, गोल्डन रॉक, किल्ले निवती, भोगवे बीच, खेकडा बेट, संगम पॉइंट आणि सुनामी आयलंड अशी नावे असतात. क्रम होडीवाल्यागणिक बदलतो, संख्याही थोडी कमीजास्त होते, आणि गिऱ्हाइकाचे सारे लक्ष त्या संख्येकडेच लागलेले असते. शेजारच्या फलकावर एक नाव अधिक दिसल्यास मंडळाच्या हिशेबनिसाला, आणि प्रत्येक मंडळात असा एक गृहस्थ असतोच, पहिला होडीवाला आपल्याला एका पॉइंटने बुडवीत असल्याची शंका येते. संगम पॉइंट आणि सुनामी आयलंड एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, संगमावरून गेल्यावाचून होडीला समुद्रात जाताच येत नाही, म्हणजे ज्याला अन्यत्र 'वाट' म्हणतात त्याचीच येथे पॉइंट म्हणून गणना झाली आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. दोष त्याचा नाही. ज्याने आयुष्यभर आपले घर सेक्टरच्या क्रमांकावरून ओळखले, त्याला क्रमांक आहे म्हणजे तेथे काहीतरी बांधलेले असणारच अशी खात्री वाटणे स्वाभाविक आहे.

आता होडीवाल्याचा हिशेब पाहू. होडी चालविणाऱ्या प्रमुखास कोकण किनाऱ्यावर तांडेल म्हणतात, आणि तांडेलाच्या दिवसाचे नियंत्रण घड्याळापेक्षा चंद्राकडे अधिक असते. भरती दिवसातून दोनदा येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असल्यामुळे प्रत्येक दिवशी ती आदल्या दिवसापेक्षा साधारण 50 मिनिटे उशिरा येते, आणि हा उशीर तोंडी हिशेबात बसविण्यासाठी कोकणात एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने हाती लागते. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती व नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. प्रत्येक बंदरानुसार यात थोडा फरक पडतो, वारा आणि उधाण आपापली भर घालतात, पण सरकारी तक्ता हाताशी नसताना एवढ्या गणितावर पिढ्यान् पिढ्या होड्या पाण्यात गेल्या आणि परत आल्या आहेत.

येथे एक विनोद नियतीने स्वतःच करून ठेवला आहे. लखनौच्या ज्या स्वयंपाकघरात एकादशी आणि गॅसची टाकी यांच्या नोंदीसाठी कालनिर्णय टांगलेले असते, त्या दिनदर्शिकेचे 1973 सालचे जनक जयंतराव साळगांवकर हे मूळ मालवणचेच. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि महाराष्ट्रात अमावास्येला, त्यामुळे कृष्ण पक्षात कोणता महिना चालू आहे यावर लखनौ आणि मालवण यांचे एकमत होत नाही. तिथीबाबत मात्र दोन्ही शहरांत तंटा नाही. म्हणजे होडी केव्हा सुटणार हे सांगणारा कागद मंडळाच्या घरी भिंतीवर होता, तो रोज पाहिलाही जात होता, आणि तरीही फलकावर 'सकाळी 8' लिहिले असताना साडेनऊ का झाले, याचा जाब विचारण्यासाठी हिशेबनीस मनगटावरील घड्याळावर बोट ठेवून उभा असतो. तांडेल त्याला 'वायच रवा' म्हणतो. थोडे थांबा, असा त्याचा अर्थ. थोडे म्हणजे किती, हे पंचांगात पाहावे.

होडीत बसण्यापूर्वी प्रत्येकास जीवरक्षक जाकीट, म्हणजे लाइफ जॅकेट, देण्यात येते, व ते घालणे सक्तीचे असते. नारिंगी रंगाच्या या वस्त्रामुळे बुडणारा माणूस तरंगतो आणि दुरून दिसतो, असे त्याचे दोन उपयोग असले, तरी तिसरा उपयोग अधिक प्रचलित आहे: त्यामुळे छायाचित्रातील व्यक्ती साहसी दिसते. त्याच कारणासाठी छायाचित्र निघाल्याबरोबर जाकिटाचे बंद सैल केले जातात, कारण आदल्या दिवशीच्या पर्यटकाचा घाम आणि आदल्या महिन्याचे खारे पाणी यांच्या मिश्रणाने त्याला जो स्थायी वास लागलेला असतो तो छायाचित्रात येत नसला, तरी नाकापर्यंत येतो. ज्येष्ठांची जाकिटे सुना बांधून देतात, सुनांची जाकिटे खलाशी तपासतो, आणि आपल्याला पोहता येते असे जाहीर करून जाकीट मांडीवर ठेवणारा जो एक काका असतो, त्याला वृंदावन योजनेत तरणतलाव किती वेळा लाभला असेल याचा अंदाज तांडेलाने एका दृष्टिक्षेपात केलेला असतो. होडी सुटत नाही. काका जाकीट घालतात.

बसण्याच्या जागांचेही एक शास्त्र आहे. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे निमुळते टोक, ही जागा तरुणांना हवी असते, कारण तेथून समोरचे अडथळ्यावाचून दिसते. पण लाटेवर होडी आपटते तेव्हा सर्वांत उंच उडणारी आणि सर्वांत जोराने खाली येणारी जागाही तीच. मागच्या बाजूला यंत्र व त्याच्या धुराचा वास असतो. मध्यभाग सर्वांत स्थिर, आणि तो बहुधा पिशव्यांनी अडविलेला असतो. या वाटपाचा परिणाम संगम ओलांडल्यावर दिसू लागतो, तेव्हा नदीचे आज्ञाधारक पाणी संपून समुद्राचे सुरू होते आणि मंडळातील निम्म्या लोकांना 'बोट लागते'. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर हलत असल्याची वर्दी देत असते, डोळे होडीच्या कठड्याकडे पाहून सर्व स्थिर असल्याची ग्वाही देतात, आणि या दोन परस्परविरोधी अहवालांवर निर्णय न झाल्याने मेंदू प्रकरण पोटाकडे वर्ग करतो. क्षितिजाकडे पाहत राहणे हा त्यावरील साधा उपाय होय. पण क्षितिजाकडे पाहण्यासाठी मोबाइलवरून मान वर करावी लागते, आणि तेथे उपायाचे घोडे अडते.

गेल्या शतकात मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटींतील प्रवाशांना ही व्याधी चांगली परिचयाची होती. हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट जाई. पुष्कळ ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे, तेव्हा ट्रंका, फणस, मुले आणि म्हाताऱ्या यांना लहान पडावांतून किनाऱ्यावर नेण्यात येई. एकाच प्रवासात इतकी ठिकाणे, इतक्यांदा पाण्यावर चढउतार आणि जेवण ज्याचे त्याने बांधून आणायचे, असा तो कार्यक्रम आजच्या कोणत्याही सहलीच्या तोडीचा होता. परंतु त्यातील एकाही बंदरास कोणी पॉइंट म्हटले नाही, कारण प्रवाशांचे एकमेव लक्ष आपला गाव केव्हा येतो याकडे असे.

डॉल्फिन पॉइंट हा सर्व सहलीचा कळस मानला जातो, आणि विद्वानांनी सर्वाधिक लक्ष द्यावे असा विषयही तोच आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ दिसणारा डॉल्फिन प्रामुख्याने पाठीवर उंचवटा असलेल्या जातीचा असतो. तो मासा नसून सस्तन प्राणी असल्यामुळे त्याला श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर यावे लागते, आणि तो येतो तेव्हा करडी पाठ व तिच्यावरील पर क्षणभर दाखवून, कोणतीही कसरत न करता, पुन्हा खाली जातो. जाहिरातींतील डॉल्फिन मात्र सूर्यास्तासमोर पाण्याबाहेर पूर्ण उडी मारून हवेत थबकलेला असतो. या दोन डॉल्फिनांमधील तफावत भरून काढण्याची जबाबदारी तांडेलावर येते. यंत्र बंद केले जाते, होडी डुलू लागते, बोट लागलेल्यांची स्थिती खालावते, आणि तांडेल पाण्याच्या एका विस्तीर्ण भागाकडे हात करून 'थंय बघा' म्हणतो. सर्वजण तिकडे वळतात. होडीही थोडी तिकडे वळते. ज्याला दिसला तो ओरडतो, ओरडणे ऐकून इतर पाहतात, आणि ते पाहतात तेव्हा डॉल्फिन आपले श्वसनाचे काम उरकून गेलेला असतो. यामुळे प्रत्येक मंडळात डॉल्फिन पाहिलेले आणि न पाहिलेले असे दोन पक्ष पडतात, व पहिल्या पक्षाची संख्या परतीच्या वाटेवर हळूहळू वाढत जाते, असे निरीक्षणास येते. मोबाइलमध्ये साठविलेल्या छायाचित्रांत पाणी, अधिक पाणी, कोणाचा तरी कोपर आणि एका ठिकाणी काळसर ठिपका असतो, जो मोठा करून पाहिल्यास शेजारच्या होडीतील गृहस्थाचे डोके निघते.

उत्तर प्रदेशातील पर्यटकांनी डॉल्फिन पाहण्यासाठी अरबी समुद्र गाठावा, यात एक विशेष आहे. गंगेतील डॉल्फिन, ज्याला तिकडे 'सूंस' म्हणतात, हा 2009 पासून भारताचा राष्ट्रीय जलचर आहे. मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार देशात 6,327 नदी-डॉल्फिन आढळले आणि त्यांपैकी 2,397, म्हणजे सर्वांत अधिक, एकट्या उत्तर प्रदेशात होते. म्हणजे मंडळाने विमानाचे भाडे भरून जो प्राणी शोधला, त्याचे गोडे चुलतभाऊ मंडळाच्या स्वतःच्याच राज्यात गाळ ढवळीत होते. सूंस जवळजवळ आंधळा असून ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. त्याला पर्यटक दिसत नाही आणि पर्यटकाला तो दिसत नाही, त्यामुळे उभयतांत अपेक्षाभंग उद्भवत नाही. ही माहिती लखनवी शेजारी 'हमारी गंगा में तो...' अशा प्रस्तावनेने होडीत सांगू लागतो, तेव्हा यजमान मराठी कुटुंबाचा कोकणाभिमान दुखावतो, आणि जो डॉल्फिन आतापर्यंत कोणाला नीट दिसला नव्हता तो अकस्मात घरातील चौघांना एकाच वेळी दिसतो.

त्या दिवशी समुद्रात डॉल्फिन खरोखरच आढळला नाही, तर हिशेबनीस एक पॉइंट कमी भरल्याचा मुद्दा मांडून भाड्यात सूट मागतो. यावर तांडेलांचा ठरलेला युक्तिवाद न्यायशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगा आहे: फलकावर डॉल्फिन पॉइंट दाखविण्याचे कबूल केले होते, पॉइंट दाखविला, 'आता डॉल्फिन काय माझ्या घराकडचो आसा?' हिशेबनिसाला तोड सुचत नाही. पॉइंट आणि वस्तू यांचा संबंध तोडण्याचे काम फलकापुढे उभे असताना त्याने स्वतःच केलेले असते.

मधल्या पॉइंटांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. गोल्डन रॉक हा निवतीजवळचा पिवळसर खडक असून ऊन योग्य कोनातून पडल्यास सोनेरी दिसतो, व अन्य वेळी खडकासारखा दिसतो. निवतीचा किल्ला होडीतून पाहिला जातो. वर चढून जाण्यास वेळ लागतो आणि वेळ हा पॉइंट नाही. खेकडा बेटावर खेकडे असतात. पक्ष्यांबाबत मात्र एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. हिवाळ्यात या किनाऱ्यावर जे कुरव, म्हणजे सीगल, थव्यांनी बसलेले दिसतात, त्यांच्यात तपकिरी डोक्याच्या जातीचेही कुरव असतात, आणि ही जात उन्हाळ्यात लडाख व तिबेटच्या उंच सरोवरांकाठी घरटी करते. तेथून हा पक्षी कोणत्याही विमानतळावाचून कोकणात येतो आणि पर्यटकाने भिरकावलेली शेव पकडण्याचे काम करतो. लखनौहून आलेल्या मंडळापेक्षा त्याचा प्रवास अधिक खडतर असतो व त्याला पॉइंट मोजता येत नाहीत, तरी तो दरवर्षी येतो. पक्ष्यांना तळलेले पदार्थ घालू नयेत, असे जाणकार सांगतात. पक्ष्यांनी ते ऐकलेले नाही, आणि पर्यटकांनीही.

सिंधुदुर्ग किल्ला पॅकेजमध्ये का नाही, हा प्रश्न प्रत्येक मंडळात एकदा विचारला जातोच. कुरटे बेटावर 1664 मध्ये आरंभ होऊन 1667 मध्ये पूर्ण झालेला हा जलदुर्ग मालवणच्या धक्क्यावरून वेगळ्या होडीने पाहावा लागतो. त्याच्या पायात शिसे ओतले आहे, चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याने भरलेल्या आहेत, आणि शिवराजेश्वराचे मंदिर आहे. ज्याला बेट म्हणावे असे परिसरात काही असेल तर ते हेच. पण ते अस्सल असल्यामुळे त्याला पॉइंट हे उपपद लागत नाही, उपपद नाही म्हणून ते संख्येत धरले जात नाही, आणि संख्येत नाही म्हणून हिशेबनिसाच्या दृष्टीने ते 'एक्स्ट्रा' ठरते. किल्ला बांधायला तीन वर्षे लागली. होडी प्रवाशांना तासाभराने परत बोलावते.

हा सगळा कोकणचाच दोष असे समजण्याचे कारण नाही. फिलिपिन्समधील पलावान बेटावरील एल निडो येथे, बाकुइत उपसागरातील चुनखडीच्या सुळक्यांमधून होडीने हिंडण्यासाठी जगभरातून लोक येतात, आणि तेथील सहलींना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिलेली आहेत. वृंदावन योजनेतील रहिवाशाला तेथे पत्ता शोधताना जरादेखील अडचण पडणार नाही. थायलंडच्या फांगङा उपसागरातील एका सुळक्याचे स्थानिक नाव 1974 मधील एका जेम्स बाँडपटानंतर जवळजवळ विस्मरणात गेले, व ते बेट आज हेराच्या नावाने ओळखले जाते. त्याच देशातील माया बे ही चिमुकली खाडी 2000 सालच्या एका चित्रपटामुळे इतकी लोकप्रिय झाली, की प्रवाळाची हानी थांबविण्यासाठी 2018 मध्ये ती बंद करावी लागली आणि 2022 मध्ये निर्बंधांसह उघडली. या तुलनेत त्सुनामीच्या नावाने वाळूचा दांडा विकणाऱ्या देवबागकरांनी निदान चित्रपटाची वाट पाहिलेली नाही. मालवणच्या समुद्रालाही संरक्षण आहेच: 1987 मध्ये येथे सागरी अभयारण्य घोषित झाले, ते सुमारे 29 चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्यात येतो. तेथील प्रवाळ पाहण्यासाठी मुखवटा आणि नळी लावून पाण्यात तोंड बुडविण्याची जी क्रिया केली जाते, तिला स्नॉर्कलिंग म्हणतात. तिच्यात बोलता येत नाही, हे तिचे एक अनुषंगिक पण मोठे सुख आहे.

सुनामी आयलंड केव्हा दाखवायचे, हे फलक ठरवीत नाही; ते ओहोटी ठरविते. पाणी उतरले की वाळू उघडी पडते, बाकडी मांडली जातात, चहा, मॅगी आणि भजी यांचे संसार उभे राहतात, जलक्रीडेची रबरी केळी व जेट-स्की धावू लागतात, आणि घोटाभर पाण्यात खुर्ची टाकून बसलेला पर्यटक आपण बेटावर बसलो असल्याचे व्हिडिओवरून लखनौला कळवितो. नारळपाणी पिणारा आणि पायांवरून वाहते पाणी जाऊ देणारा माणूस सहसा हिशेब करीत नाही, त्यामुळे सर्व पॉइंटांत याच एका ठिकाणी हिशेबनीस काही काळ गप्प असल्याचे दिसते. मग पाणी चढू लागते. घोट्यावरचे पाणी पोटरीवर येते, बाकडी उचलली जातात, भज्यांची कढई होडीत जाते, आणि तांडेल मंडळाला हाक मारतो. पैसे भरून घेतलेले बेट वेळेआधी बंद होत आहे, ही तक्रार आता पुढे येते. फलकावर बेटासाठी एक तास लिहिलेला असतो आणि घड्याळाप्रमाणे चाळीसच मिनिटे झालेली असतात. उरलेली वीस मिनिटे मागण्यासाठी ज्याच्याकडे जावे तो आकाशात असतो व दिवसा बहुधा दिसत नाही. ज्येष्ठ काकांनी बाकड्यावरून उठण्यास नकार दिल्यास खलाशी वाद घालीत नाही. तो शेजारी उभा राहतो, आणि पाणी काकांच्या चड्डीपर्यंत येण्याची वाट पाहतो, ज्यास फार वेळ लागत नाही.

किनाऱ्यावर परतल्यानंतर भाडे चुकते होते, सोलकढी आणि सुरमईच्या ताटांपुढे डॉल्फिन पाहिलेल्यांच्या पक्षाला पूर्ण बहुमत मिळते, व हिशेबनीस लखनौला पाठविण्याच्या संदेशात सर्व पॉइंट क्रमाने लिहून प्रत्येकापुढे बरोबरची खूण करतो. संध्याकाळी तांडेल दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकांची बोलणी करतो, तेव्हा तिथी एकाने पुढे सरकणार असते आणि तिच्याबरोबर ओहोटीही. फलकावर मात्र 'सकाळी 8' हेच राहते, कारण तिथीप्रमाणे रोज फलक रंगविणे कोणत्याही व्यवसायास परवडणारे नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचे मंडळ, मग ते पुण्याचे असो वा वृंदावन योजनेच्या पुढच्या सेक्टरातले, आठला येऊन उभे राहते, तांडेल आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा उगवतो, आणि मंडळातील हिशेबनीस या उशिराचे कारण कोकणी माणसाच्या आळशी स्वभावात शोधून काढतो.